नव्या संचातले जुने घर

एखादी जुनी विनोदी मालिका नव्याने येणार असल्याची बातमी आली की आमच्या मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात तिच्यावर जितकी चर्चा होते, तितकी कोऱ्या करकरीत मालिकेवर कधीच होत नाही. या चर्चेत आनंद असतो, पण त्याच्या आधी धास्ती असते. कथानक काय असेल, कोणत्या वाहिनीवर दिसेल, हे प्रश्न मागाहून येतात. पहिला प्रश्न नेहमी माणसांचा असतो. ते काम आता कोण करणार? गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की आरत्या आटोपल्यावर ओटीवर जी मैफल जमते, तिच्यात हा विषय मी अनेकदा ऐकलेला आहे आणि त्यात स्वतः हिरिरीने भागही घेतलेला आहे. प्रेक्षकांच्या या धास्तीकडे निर्मात्यांनी आणि समीक्षकांनी जितक्या गांभीर्याने पाहायला हवे तितक्या गांभीर्याने पाहिले जात नाही, असे माझे ठाम मत आहे. ‘लोकांना बदल नको असतो’ एवढे म्हणून हा विषय संपवला जातो. ते खरे नाही, आणि ते खरे का नाही हे आमच्या मुलखाइतके चांगले दुसरीकडे क्वचितच समजू शकेल.

त्यासाठी आधी इथल्या माणसांचे या मालिकांशी नाते कसे जडले ते सांगितले पाहिजे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांची मालिका त्या केंद्रावरून दाखवली जाऊ लागली. चिमणरावाच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर होते आणि गुंड्याभाऊच्या भूमिकेत बाळ कर्वे. दक्षिण कोकणातल्या घरांत तोवर दूरचित्रवाणी पोहोचलेलीच नव्हती. तरीही आमच्या वडिलांच्या पिढीला ही जोडी पाठ होती, कारण शिमग्याला आणि गणपतीला गावी येणारे चाकरमानी प्रत्येक भागातले प्रसंग आवाज काढून, हातवारे करून, अंगणात सादर करत असत. न पाहिलेल्या मालिकेवर जीव लावणारा हा प्रेक्षक होता. पुढे १९८४ नंतर ठिकठिकाणी कमी क्षमतेची प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली आणि हळूहळू आमच्याकडेही संच आले, पण वाडीत एखाद-दुसराच. छपरावरचा अँटेना फिरवणारा एक जण वर, ‘आली, आली, थांब’ म्हणणारा दुसरा खिडकीत, आणि पडद्यावरच्या मुंग्यांतून माणसे ओळखणारे पंधरावीस जण माजघरात, अशा अवस्थेत ‘ये जो है जिंदगी’ किंवा ‘वागले की दुनिया’ पाहिली गेली. ‘ये जो है जिंदगी’मधले शफी इनामदार दापोली तालुक्यातले, म्हणून त्या बाजूच्या मंडळींना तर ती आपल्याच माणसाची मालिका वाटायची. सतीश शाह त्या मालिकेत भागागणिक नव्या पात्रात दिसत, आणि या वेळी ते कोण होऊन येणार याची वाट पाहण्यात आठवडा सरत असे.

हे सारे सांगण्याचे कारण असे की या मालिकांची आठवण आमच्याकडे एकट्याची नाही. ती वाडीची आहे. कोण कुठे बसले होते, कोणत्या वाक्याला कोण आधी हसले, वीज नेमकी कोणत्या क्षणी गेली, हे सर्व त्या विनोदाचा भाग होऊन बसलेले आहे. त्यामुळे नव्या रूपातली मालिका प्रेक्षक तपासतो तेव्हा तो केवळ संहिता तपासत नसतो.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या, तेव्हा ‘रामायणा’ची चर्चा देशभर झाली, पण त्याच काळात ‘देख भाई देख’ आणि ‘श्रीमान श्रीमती’सुद्धा पुन्हा लागल्या होत्या. मुंबईतल्या खोल्या बंद करून गावी आलेली कितीतरी कुटुंबे त्या उन्हाळ्यात आमच्याकडे होती. आजी, मुलगा आणि नात अशा तिन्ही पिढ्या एकाच वेळी एकाच पडद्यासमोर बसण्याचा योग फार वर्षांनी आला होता. जतीन कनाकियांचा केशव कुलकर्णी आणि रीमा लागूंची कोकी पाहताना आजी पूर्वीइतकीच हसत होती. नातीला मात्र शेजारणीवर भाळणाऱ्या नवऱ्याचे एवढे कौतुक का, असा प्रश्न पडत होता, आणि तो तिने विचारलाही. माझ्या मते हा प्रश्न योग्य होता. त्याला उत्तर जर काही असेल तर ते कोकीच्या भूमिकेत आहे, कारण रीमा लागूंनी ती बाई कधीही बिचारी होऊ दिली नाही. नवऱ्याचे वेड ओळखून असलेली, घरावर पकड असलेली आणि स्वतःचा मान न सोडणारी स्त्री त्यांनी उभी केली, आणि त्यामुळेच त्या उथळ वाटणाऱ्या कल्पनेला तोल आला.

आता याच मालिकेचा नवा अवतार पाहा. ‘श्रीमान श्रीमती फिर से’ ही मालिका २०१८ मध्ये आली. तीच दोन जोडपी, तेच शेजार, तीच नावे, चेहरे मात्र सगळे नवे. जतीन कनाकिया १९९९ मध्ये गेले होते आणि रीमा लागू मे २०१७ मध्ये गेल्या होत्या, तेव्हा चेहरे नवे असणे अटळ होते; नव्या कलावंतांच्या मेहनतीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आमच्या ओटीवरचा निकाल एका वाक्यात लागला: ‘ह्यो नवो केशू आमका नको.’ ती मालिका फार काळ चालली नाही. ‘हम पांच’च्या बाबतीतही हेच घडले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या मूळ मालिकेत पाच मुलींचे त्रासलेले वडील अशोक सराफ होते, आणि भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याशी बोलणारी दिवंगत पहिली पत्नी प्रिया तेंडुलकर होत्या. २०१७ मध्ये ‘हम पांच फिर से’ आली, त्यात पाच मुली होत्या, तसबीर होती, सगळा सांगाडा होता. पण जुन्या प्रेक्षकाने पाहिले ते एवढेच, की तसबिरीतली बाई बदलली आहे.

यावर सहज म्हणता येईल की प्रेक्षक हट्टी असतो. परंतु हाच प्रेक्षक कार्तिक महिन्यापासून जत्रा सुरू झाल्या की रात्ररात्र जागून दशावतार पाहतो. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर अशा कंपन्या गावोगाव हिंडतात. आख्याने ठरलेली असतात, गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते, आणि दर वर्षी, कधीकधी दर रात्री, दुर्योधन वेगळा असतो, द्रौपदी वेगळी असते, आणि स्त्रीची भूमिका तर परंपरेने पुरुषच करत आलेला आहे. लिहिलेली संहिता नसते. प्रवेश कोणते घ्यायचे तेवढे ठरवून नट बाहेर येतो आणि संवाद तिथल्या तिथे रचतो. गेल्या वर्षीचा राजा यंदा दिसला नाही म्हणून कोणीही उठून जात नाही. उलट हा राजा तो प्रवेश कसा रंगवतो हे पाहण्यासाठीच लोक पुढे सरकून बसतात. ‘वस्त्रहरण’ नाटकाचेही तेच. गंगाराम गवाणकरांचे हे मालवणी नाटक १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळींनी रंगमंचावर आणले आणि त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. २००७ मध्ये कांबळी गेले, तात्या सरपंच म्हणजे तेच, अशी सगळ्यांची खात्री होती. तरीही पुढे नव्या संचात ते नाटक उभे राहिले तेव्हा आमच्या लोकांनी तुलना केली, हळहळ व्यक्त केली, आणि तरीही तिकिटे काढून ते पाहिले.

मग जो माणूस नवा दुर्योधन आणि नवा तात्या सरपंच स्वीकारतो, त्याला नवा केशू का चालत नाही? या प्रश्नावर मी बराच विचार केलेला आहे. दशावतारातली रात्र दहीकाल्याबरोबर संपते. तिची प्रत कुठेही राहत नाही; राहते ती आठवण, आणि आठवण नव्या नटाला जागा करून देते. मालिकेचे तसे नसते. मूळ केशू अजूनही तिथेच आहे, त्याच सदऱ्यात, त्याच वयाचा, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर केव्हाही उपलब्ध. नवा कलावंत आठवणीशी नाही, तर प्रत्यक्ष समोर उभ्या असलेल्या माणसाशी स्पर्धा करत असतो, आणि तो माणूस कधी थकत नाही, चुकत नाही, म्हाताराही होत नाही. शिवाय नाटकात भूमिका आधी असते आणि नट नंतर येतो. मालिकेच्या विनोदात मात्र पात्र पुष्कळदा त्या एका नटाच्या थांबण्यातून, मान वळवण्यातून, आवाजाच्या पट्टीतून घडलेले असते. रीमा लागूंनी ‘केशू’ अशी जी हाक मारली तिच्यातले आर्जव आणि धाक संहितेत लिहून ठेवता येत नाहीत. म्हणून तीच नावे देऊन दुसरी माणसे उभी केली की प्रेक्षकाला तो नवा संच वाटत नाही. आपल्या ओळखीच्या घरात परकी माणसे वावरत असल्यासारखे वाटते.

याच्या उलट उदाहरण वागळ्यांचे आहे, आणि ते मला अतिशय महत्त्वाचे वाटते. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला हा मध्यमवर्गीय गृहस्थ कुंदन शाह यांच्या दिग्दर्शनाखाली १९८८ मध्ये दूरदर्शनवर आला. अंजन श्रीवास्तव श्रीनिवास वागळे झाले आणि भारती आचरेकर राधिका. वागळे हे आडनाव आमच्या किनाऱ्यावरचे, त्यामुळे ‘हे मूळचे कुठले’ यावर त्या काळी वाद घातले गेलेले मला चांगले आठवतात. मालिका हिंदी होती, पण त्या घरातली काटकसर, पाहुणा आल्यावरची धांदल, साहेबासमोर आखडणारे अंग आणि घरी आल्यावर मोकळी होणारी जीभ, यांत परके काहीच नव्हते. विनोद कुणाला हिणवणारा नव्हता. भाग मोजके होते आणि ते संपले तेव्हा खरोखर चुकल्यासारखे झाले होते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ही मालिका सोनी सबवर नव्याने येणार असे समजले तेव्हा आमच्याकडची नेहमीची धास्ती होतीच, आणि ती काही दिवसांतच निवळली. कारण निर्मात्यांनी वागळे बदलला नव्हता. वागळ्याचे वय वाढू दिले होते. तेच अंजन श्रीवास्तव आणि त्याच भारती आचरेकर आता आजी-आजोबा होते. संसाराचा भार मुलाकडे, राजेशकडे, आला होता आणि ती भूमिका सुमीत राघवन करत होते; त्याची पत्नी वंदना, मुले सखी आणि अथर्व ही सर्व माणसे नवीन होती. तरी एकालाही परके म्हणावेसे वाटले नाही, कारण सून आणि नातवंडे घरात येतातच, त्यांना प्रेक्षकाकडून वेगळा परवाना लागत नाही. जुन्या वागळ्याची पैशांबाबतची चिंता आता मुलाच्या हप्त्यांच्या चिंतेशी बोलत होती, आणि पूर्वी स्वतः साहेबाला घाबरणारा माणूस आता मुलाला धीर देत होता. शेजारच्या एका आजींनी पहिल्याच आठवड्यात सांगितले, ‘वागळे म्हातारो झालो, पण माणूस तोच आसा.’ एवढी नेमकी समीक्षा मी छापील मजकुरात वाचलेली नाही.

माझे म्हणणे याच ठिकाणी आहे. प्रेक्षक ज्या गोष्टीची राखण करतो ती विनोदाची उजळणी नसते, घरातल्या नात्यांची ओळख असते. आणि त्या घरात मधली वर्षे गेलेली आहेत हे मालिकेने मान्य केले की प्रेक्षकही नव्या माणसांना बसायला पाट देतो. मालिका जेव्हा काळ गेलाच नाही असे भासवते, तेव्हा मात्र तो अडून बसतो. यात त्याचे वय, त्याची ओटी, त्याची गेलेली माणसे हे सर्व आले. ज्यांच्याबरोबर मूळ मालिका पाहिली त्यांतले निम्मे लोक आता नाहीत. पडद्यावर मात्र सर्व काही जसेच्या तसे चालू असल्याचे सोंग पाहिले की ते मनाला बोचते.

‘साराभाई वर्सेस साराभाई’चा अनुभव या दोन्हींच्या मधला आहे. २००४ ते २००६ या काळात स्टार वनवर चाललेल्या या मालिकेला तेव्हा मर्यादित प्रेक्षक होता. तिचे खरे चाहते पुनःप्रक्षेपणांतून आणि पुढे इंटरनेटवरून वाढले. आमच्याकडेही महाविद्यालयात शिकणारी मुले साराभाईंच्या घरातल्या रोसेश या मुलाच्या कविता म्हणून दाखवतात ती अशीच नंतर भेटलेली. २०१७ मध्ये हॉटस्टारवर तिचे दुसरे पर्व आले तेव्हा सगळे मूळ कलावंत होते आणि काळही पुढे सरकलेला होता, म्हणजे वागळ्यांना जे साधले त्याची सगळी सामग्री हाताशी होती. तरी प्रतिक्रिया संमिश्र राहिल्या. मला स्वतःला त्यात भेटीचा आनंद पुरेपूर मिळाला, पण पहिल्या पर्वात सासूच्या, मायाच्या, तोंडची बोचरी, घासून पुसून लखलखीत केलेली वाक्ये सून मोनिशाच्या मध्यमवर्गीय सवयींवर आपटून जी ठिणगी पाडत, ती ठिणगी दुसऱ्या पर्वात वारंवार दिसली नाही. माणसे तीच असून भागत नाही. लिहिणाऱ्याने त्या घरात पुन्हा काही काळ राहावे लागते. मायाचा नवरा इंद्रवदन रंगवणारे सतीश शाह ऑक्टोबर २०२५ मध्ये गेले. त्यांच्या जागी दुसरा इंद्रवदन उभा करण्याचा विचार कोणी करू नये, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

वागळ्यांच्या नव्या मालिकेवर आमच्याकडे आक्षेप नाहीत असे मुळीच नाही. मोठा आक्षेप रोजच्या भागांचा आहे. मूळ मालिका आठवड्यातून एकदा दिसे. नवी मालिका जवळजवळ रोज दिसू लागली आणि तिने हजाराहून अधिक भागांचा टप्पा ओलांडला. जाहिरातींचे गणित रोजच्या भागांवर चालते हे समजते, पण विनोदाला लागणारी उसंत त्या गणितात बसत नाही. आठवड्याला एक भाग लिहिणारा लेखक प्रसंग टाकून देऊ शकतो; रोज लिहिणाऱ्याला तोच प्रसंग ताणावा लागतो. परिणामी हलक्याफुलक्या घराला मधूनच प्रबोधनाचे वळण मिळते, सामाजिक विषयावरचे भाग एकामागोमाग येतात, आणि जुना प्रेक्षक म्हणतो की विषय चांगला आहे, पण वागळे हसवायचा थांबला. ही तक्रार करणारी माणसे त्या विषयांच्या विरोधात नसतात. १९८८ चा वागळेसुद्धा महागाईविषयी आणि लाचारीविषयीच बोलत होता. तो ते हसता हसता बोलत होता, एवढाच फरक ती दाखवून देतात.

भाषेबद्दलही आमचा प्रेक्षक फार जागा असतो. २०१७ मध्ये ‘गाव गाता गजाली’ ही मालवणी बोलीतली विनोदी मालिका झी मराठीवर आली तेव्हा लोकांनी पहिले कान दिले ते हेलाला. पुढच्या वर्षी दुसरे पर्व आले तेव्हा माणसे तीच होती, हेल तोच होता, आणि म्हणून धास्तीची भाषा कोणी केली नाही.

सध्या आमच्याकडे ज्या मालिकेचे नाव सर्वांत अधिक घेतले जाते ती मात्र ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आहे. केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली, प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या लेखनावर आधारलेली ही मालिका २००१ ते २००५ या काळात चालली. आजोबा आबा (प्रभावळकर), मुलगा शेखर, सून श्यामला आणि नातवंडे शलाका व शिऱ्या या पाच माणसांच्या घरात खलनायक नव्हता, कारस्थान नव्हते, आणि दिवस संपताना आबा आपली रोजनिशी लिहीत. ती पुन्हा यावी असे म्हणणारे आणि तिला हात लावू नये असे म्हणणारे, असे दोन तट एकाच घरात पाहायला मिळतात. हात लावू नये म्हणणाऱ्यांचे मत मला समजते, पण मला ते पटत नाही. टिपऱ्यांचे घर काळाबरोबर चालणारेच होते; आजोबा आणि नातू यांच्यातले अंतर हाच त्या विनोदाचा पाया होता. मग शिऱ्या स्वतः बाप झाल्यावर त्या अंतराचे काय होते हे पाहण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे.

प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा. मालिका सुरू झाली तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते आणि रंगभूषा करून आजोबा होत होते. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ चित्रपटात याच वयात त्यांनी आमच्याकडच्या दशावतारी कलावंताची भूमिका केली, तेव्हा जत्रेत रात्री जागवणारी माणसे चित्रपटगृहातून भारावून बाहेर पडताना मी पाहिली आहेत. टिपऱ्यांचे घर पुन्हा उभे करायचे झाल्यास आबांच्या भूमिकेत त्यांच्याशिवाय दुसरे कोणी असू नये, आणि त्यांना ते जमणारे नसेल तर नव्या मालिकेत दुसरा आबा न आणता रोजनिशी श्यामलाने लिहावी. तिच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि चार वर्षांत तिला लिहायला उसंतच मिळाली नव्हती. शिऱ्याच्या मुलांना आजच्या मुलांची भाषा असावी, शेखरच्या निवृत्तीनंतरची घालमेल असावी, मधली वीस वर्षे कोणत्याही खुलाशाशिवाय गेलेली असावीत. आणि जी कोणती वाहिनी हे धाडस करील तिने ते आठवड्यातून एकदाच दाखवावे, म्हणजे लेखकाला लिहायला आणि आम्हाला त्यावर भांडायला मधले सहा दिवस मिळतील.